खोडलेली ओळ आणि नसलेली ओळ

दिवाळी अंकाच्या संकेतस्थळाचं एक पान डोळ्यांसमोर आणू. वर मुखपृष्ठ, त्याखाली अनुक्रमणिका, आणि तळाशी ‘अंक मागवा’ असं बटण. बटण केशरी व्हायला हवं. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेतल्या फाइलमध्ये, तसं लिहिलेलं आहे, फाइल सेव्ह झाली आहे, पान रिफ्रेश केलं आहे. बटण राखाडी. पुन्हा रिफ्रेश. राखाडीच. कुठे लाल अक्षरांत सूचना नाही, पान मोडलेलं नाही, बाकीचं सगळं जिथल्या तिथे.

जावास्क्रिप्ट चुकलं तर कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या सूचनांच्या खिडकीत, लाल ओळ येते, सोबत फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक. सीएसएस चुकलं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. नवशिक्यांना हे भाषेचं उणेपण वाटतं, पण ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. होकॉन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये, सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत काम करताना, या भाषेचा पहिला प्रस्ताव मांडला. बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले, आणि डिसेंबर १९९६ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने पहिली आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. त्या पहिल्या आवृत्तीतच हे ठरलेलं होतं की ब्राउझरला जे कळणार नाही ते त्याने सोडून द्यावं आणि पुढचं वाचत राहावं. त्यामुळेच आज निघालेली नवी प्रॉपर्टी (रंग, रुंदी यांसारखा गुणधर्म) सात वर्षं जुन्या मोबाइलवर पान पाडत नाही. तो मोबाइल तेवढी ओळ गाळतो आणि बाकीचं पान दाखवतो. वेबवर इतकी जुनी पानं अजून उघडतात त्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे. मला तो फार शहाणपणाचा वाटतो. फक्त त्याची किंमत अशी, की ब्राउझरच्या दृष्टीने आपली टायपिंगची चूक आणि उद्या येणारी प्रॉपर्टी यांत काही फरक नसतो. दोन्ही त्याला न कळलेल्या ओळी. दोन्ही तो गुपचूप गाळतो.

बोलत नसला तरी तो खुणा मात्र ठेवतो. बटणावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडलं की ‘स्टाइल्स’चं पॅनल दिसतं. त्यात आपली ओळ शोधायची. ती तिथे मुळातच नाही? आहे पण खोडलेली आहे? खोडलेली आहे आणि शेजारी पिवळा त्रिकोण आहे? की खोडलेली नाही, पण फिकट झाली आहे? प्रत्येक खुणेचा रोग वेगळा आणि औषधही वेगळं. ही खूण न पाहताच ‘इम्पॉर्टंट’ (म्हणजे ‘हाच नियम चालव’ असा हुकूम) लावायची सवय फार पसरलेली आहे, आणि तिच्यामुळे माणसांचे तासन् तास वाया जातात. फाइलच ब्राउझरपर्यंत पोचलेली नसेल तर तिच्यातल्या शब्दावर कितीही जोर दिला तरी तो ऐकणार कोण?

ओळ मुळातच नसेल तर आधी फाइल पोचली का ते बघायचं. त्यासाठी फाइलच्या अगदी वर बॉडीला १० पिक्सेलची लाल आउटलाइन लावावी. बॉर्डर नको, कारण बॉर्डर जागा खाते आणि पान हलतं. आउटलाइन काहीही न हलवता वरून काढली जाते. पानाभोवती लाल चौकट आली तर फाइल पोचली. आता तीच ओळ कापून फाइलच्या तळाशी ठेवायची. वर असताना चौकट दिसत होती आणि खाली नेल्यावर गेली, तर मधे कुठेतरी फाइल फुटलेली आहे. मग ती ओळ निम्म्यावर ठेवायची, दिसली तर खालच्या अर्ध्याच्या मध्यावर, नाही दिसली तर वरच्या अर्ध्याच्या. ८०० ओळींच्या फाइलमध्येही दहा खेपांत नेमकी जागा सापडते.

चौकट आलीच नाही तर ‘नेटवर्क’ टॅब उघडा, वरच्या पट्टीत सीएसएस निवडा आणि पान पुन्हा लोड करा. ४०४ दिसला तर पत्ता चुकला आहे. यात नेहमी फसवणारी गोष्ट कॅपिटल अक्षराची. विंडोज आणि मॅक सहसा फाइलच्या नावातलं लहानमोठं अक्षर सारखंच धरतात, लिनक्स धरत नाही. आणि सर्व्हर बहुधा लिनक्सचा असतो. म्हणून लॅपटॉपवर झकास दिसणारं पान सर्व्हरवर चढवताच उघडंबोडकं होतं. ‘लिंक’ टॅगमध्ये ‘रेल’ अ‍ॅट्रिब्यूट लिहायचं राहिलं, तर त्या फाइलची मागणीच होत नाही. यादीत ती येतच नाही. पान एचटीटीपीएसवर आणि स्टाइलशीटचा पत्ता साध्या एचटीटीपीने सुरू होणारा, तर ब्राउझर ती अडवतो.

याहून फसवा प्रकार २०० चा. यादीत फाइल आहे, स्टेटस २०० आहे, सगळं हिरवं, पण स्टाइल नाही. फाइलवर क्लिक करून ‘रिस्पॉन्स’ बघितला की आत सीएसएसच्या जागी पानाचा एचटीएमएल दिसतो. रिअ‍ॅक्टसारख्या एकपानी अ‍ॅप्ससाठी सर्व्हरला बहुधा सांगून ठेवलेलं असतं, की मागितलेली फाइल सापडली नाही तर मुख्य पानच दे. सर्व्हर इमानाने ते देतो, आणि ब्राउझर त्यावरचा ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ हा शिक्का बघून स्टाइलशीट म्हणून नाकारतो. हा एक प्रसंग असा, की कन्सोलमध्ये त्याची स्पष्ट नोंद मिळते. माइम टाइपचा (म्हणजे या शिक्क्याचा) उल्लेख असलेली ती ओळ दिसली की दुसरीकडे शोधूच नये, पत्ता दुरुस्त करावा.

कॅशचं, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवलेल्या जुन्या प्रतीचं, तर सगळ्यांनाच माहीत असतं, पण अर्धवट. ‘डिसेबल कॅश’ची खूण डेव्हटूल्स (‘इन्स्पेक्ट’ने उघडते ती खिडकी) उघडी असेपर्यंतच चालते; खिडकी बंद केली की पुन्हा जुनी फाइल. कंट्रोल-शिफ्ट-आर केलं की आपल्या यंत्रावर नवं दिसतं, वाचकाच्या मोबाइलवर नाही. सर्व्हरने फाइलसोबत ३१५३६००० सेकंद, म्हणजे बरोबर एक वर्ष, अशी मुदत पाठवली असेल तर वाचकाचा ब्राउझर वर्षभर पुन्हा विचारायलाही येणार नाही, आणि त्याचं काही चुकलेलं नाही. उपाय एकच, फाइलचं नावच बदललं पाहिजे. पत्त्यामागे प्रश्नचिन्ह देऊन आवृत्तीचा आकडा लावा किंवा बिल्ड करताना नावात हॅश (मजकूर बदलला की बदलणारा अक्षर-आकड्यांचा तुकडा) घाला. एवढं करूनही जुनंच येत असेल तर ‘अ‍ॅप्लिकेशन’ टॅबमध्ये सर्व्हिस वर्कर (मधेच साठवलेली फाइल देऊ शकणारी स्क्रिप्ट) बसलाय का ते पाहावं. आणि कुठल्याही पायरीवर शंका आली, तर सीएसएस फाइलचा पत्ता सरळ वेगळ्या टॅबमध्ये उघडून त्यात आपली ओळ शोधावी. या तपासणीइतकी प्रामाणिक दुसरी नाही.

फाइल पोचली, चौकट आली, तरी बटणावर ओळ नाही. म्हणजे एकतर सिलेक्टर (नियम कुणाला लागू ते सांगणारा भाग) बटणाला जुळला नाही, किंवा तो नियम वाचतानाच गळाला.

न जुळण्याची कारणं साधी असतात आणि म्हणूनच नजरेतून सुटतात. एचटीएमएलमध्ये क्लासच्या नावाआधी टिंब लिहिलं गेलेलं असतं. एकाच टॅगवर दोनदा क्लास अ‍ॅट्रिब्यूट दिलेलं असतं. दुसरं ब्राउझर टाकून देतो. सिलेक्टरमध्ये दोन क्लासांच्या मधे एक स्पेस जास्त असते: स्पेस नसेल तर ‘हे दोन्ही क्लास असलेला घटक’, स्पेस असेल तर ‘पहिल्याच्या पोटातला दुसरा’. अनुक्रमणिका टेबलमध्ये असेल तर आणखी एक गंमत आहे. ‘टेबल’ची थेट मुलं म्हणून ‘टीआर’ला रंग द्यायला जावं, तर एकही ओळ रंगत नाही. आपण लिहिलेलं नसलं तरी ब्राउझर मधे ‘टीबॉडी’ घालतो, आणि मग टीआर हे टेबलाचं मूल राहत नाही, नातू होतं. परिच्छेदाच्या टॅगमध्ये ‘डिव्ह’ घातला तरी असंच: डिव्ह दिसताच ब्राउझर परिच्छेद तिथेच बंद करतो, आणि आत ठेवलेला डिव्ह बाहेर येऊन उभा राहतो. ‘व्ह्यू सोर्स’मध्ये आपण लिहिलेलं दिसतं, ‘एलिमेंट्स’मध्ये ब्राउझरने लावून घेतलेलं. जुळवणी दुसऱ्याशी होते.

इथे मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. क्लासचं नाव देवनागरीत ठेवता येतं, ‘.मागवा’ हा पूर्णपणे वैध सिलेक्टर आहे. एवढंच काय, क्लासचं नाव इंग्रजी आकड्याने सुरू झालं तर सिलेक्टर अवैध ठरतो, पण देवनागरी आकड्याने सुरू झालं तर चालतं. आता ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर खालच्या टिंबाचा ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्या कीबोर्डवर साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण पहिल्या शब्दात ७ संकेत (संगणक साठवतो त्या एकेका अक्षरखुणा) आहेत, दुसऱ्यात ८. ब्राउझर क्लासची नावं संकेताला संकेत लावून जुळवतो, तो शब्द वाचत नाही. एचटीएमएल एकाने लिहिला, सीएसएस दुसऱ्याने, दोघांचे कीबोर्ड वेगळे, आणि नियम कधीच लागत नाही. कितीही वेळ टक लावून बघितलं तरी डोळ्यांना चूक सापडणार नाही. कन्सोलमध्ये दोन्ही शब्द अवतरणांत घालून ‘लेंग्थ’ विचारली की ७ आणि ८ असे आकडे येतात, आणि कोडं सुटतं. देवनागरी क्लासनावं बघायला सुंदर वाटतात, मला स्वतःला ती आवडतात, पण चारचौघांच्या प्रकल्पात नावं रोमन छोट्या अक्षरांतच ठेवावीत हा सल्ला मी मनापासून देईन.

वाचतानाच गळालेल्या नियमांत सेमीकोलन पहिला. ‘कलर: व्हाइट’ लिहून सेमीकोलन विसरलं आणि खाली ‘बॅकग्राउंड: ऑरेंज’ लिहिलं, तर ब्राउझर सेमीकोलन सापडेपर्यंत सगळं एकच व्हॅल्यू समजतो. ‘व्हाइट बॅकग्राउंड ऑरेंज’ असा कुठला रंग नसतो, तेव्हा दोन्ही ओळी जातात. चूक एका ओळीत, नुकसान दोन ओळींचं, आणि शोधणारा बहुधा खालच्या ओळीकडे बघत बसतो. दोन तिरक्या रेघांची टिप्पणी जावास्क्रिप्टच्या सवयीने लिहिली जाते. सीएसएसला ती टिप्पणी वाटत नाही. नियमाच्या डोक्यावर ती लिहिली तर ती सिलेक्टरचाच भाग होते आणि खालचा अख्खा नियम गळतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या कोडमधली वाकडी अवतरणचिन्हं हाही नेहमीचा गुन्हेगार. स्वल्पविरामाने जोडलेल्या सिलेक्टरांपैकी एक जरी ब्राउझरला अनोळखी असला तर सगळी ओळ बाद होते. फायरफॉक्ससाठीचा मोझवाला प्लेसहोल्डर (रिकाम्या रकान्यातल्या फिकट मजकुराचा सिलेक्टर) क्रोमसाठीच्या ओळीत जोडून लिहिला की क्रोममध्ये दोन्ही जातात. असे नियम वेगवेगळेच लिहावेत.

महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर लक्षण आता बदललेलं आहे. पूर्वी पुढचा नियम सरळ गळायचा. २०२३ मध्ये प्रमुख ब्राउझरांत नेस्टिंग आलं, म्हणजे नियमाच्या पोटात नियम लिहिता येऊ लागला. तेव्हापासून ‘.अनुक्रम’चा कंस उघडा राहिला तर त्यापुढचा प्रत्येक नियम ‘अनुक्रमाच्या आतला’ असा वाचला जातो. फाइलच्या उत्तरार्धातल्या स्टाइल अनुक्रमणिकेच्या चौकटीत लागतात, बाहेर लागत नाहीत. हे असं अर्धंमुर्धं लागणं दिसलं की स्पेसिफिसिटीच्या (सिलेक्टरच्या वजनाच्या) मागे न लागता कंस मोजायचे. वर सांगितलेली लाल चौकट इथे फार उपयोगी पडते: वर दिसते, खाली नेली की जाते.

पिवळ्या त्रिकोणाची गोष्ट थोडक्यात उरकते, कारण तिथे ब्राउझर स्वतःच बोट दाखवतो. सिलेक्टर जुळला, पण प्रॉपर्टी किंवा व्हॅल्यू कळली नाही. आकडा आणि ‘पीएक्स’ यांच्यामधे स्पेस, किंवा ‘पीएक्स’ लिहायचंच राहिलं. ‘कॅल्क’मध्ये वजाबाकीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस लागतेच; नाहीतर ते चिन्ह पुढच्या आकड्याला चिकटतं, ‘वजा २०’ असा एक आकडा होतो, आणि वजाबाकी उरतच नाही. आपल्याकडे शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात, त्यामुळे ‘यू’ घातलेलं कलर आणि ‘आर-ई’ने संपणारं सेंटर हातून सहज उतरतं. ही दोन्ही अमान्य. राखाडीचं ‘ई’वालं स्पेलिंग मात्र मान्य आहे, म्हणून गोंधळ आणखी वाढतो.

डॉकटाइपचा मुद्दा इथलाच. पानाच्या पहिल्या ओळीत डॉकटाइप नसेल तर ब्राउझर ‘क्वर्क्स मोड’मध्ये जातो आणि जुन्या काळची ढिलाई चालवून घेतो: रुंदी एककाशिवाय दिली तरी पिक्सेल धरतो, क्लासच्या नावातलं लहानमोठं अक्षर सारखं मानतो. मग कोणीतरी सद्हेतूने डॉकटाइप घालतं आणि इतकी वर्षं चाललेल्या स्टाइल अचानक पडतात. डॉकटाइप राहू द्यावा, एककं आणि अक्षरं दुरुस्त करावीत.

आता खोडलेली ओळ, त्रिकोणाशिवाय. ही खरं तर चांगली बातमी आहे. फाइल पोचली, नियम कळला, सिलेक्टर जुळला. फक्त दुसरा एक नियम जिंकला. कोणता, ते ‘कंप्युटेड’ टॅबमध्ये ती प्रॉपर्टी उघडली की दिसतं, फाइल आणि ओळीसकट. आपल्या बटणाचं असं झालं असेल: आपला सिलेक्टर ‘.मागवा’, आणि थीममधला सिलेक्टर मुख्य भागाचा आयडी, मग मजकुराचा क्लास, मग बटण टॅग. वजन तीन घरांत मोजायचं: आयडी, क्लास, टॅग. आपलं ०-१-०, त्यांचं १-१-१. डावीकडच्या घरापासून तुलना होते आणि उजव्या घरातून डावीकडे हातचा जात नाही. दहा क्लास एकावर एक रचले तरी एका आयडीला हरवू शकत नाहीत. आपण १-१-१ किंवा त्याहून जड सिलेक्टर लिहून नंतर ठेवला की बटण केशरी होतं. वजन बरोबरीत सुटलं तरच ‘जो नंतर लिहिला तो जिंकला’ हा न्याय लागतो. आणि ‘नंतर’ म्हणजे स्टाइलशीटमध्ये नंतर. एचटीएमएलमध्ये क्लासांची नावं पुढेमागे केल्याने काहीही बदलत नाही, तरी लोक ती तासभर इकडून तिकडे हलवत बसतात.

वजनाच्याही आधी लेअर बघितला जातो. २०२२ च्या सुरुवातीला क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत कॅस्केड लेअर, म्हणजे नियमांचे गट, आले, आणि त्यांचा नियम पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो: लेअरबाहेरचा साधा नियम लेअरमधल्या कितीही जड नियमाला हरवतो. टेलविंड या तयार क्लासांच्या सीएसएस फ्रेमवर्कची चौथी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, ती आपले सगळे क्लास लेअरमध्ये ठेवते. जुन्या फाइलच्या डोक्यावर ‘तारा, मार्जिन शून्य, पॅडिंग शून्य’ असा रीसेट, म्हणजे सगळ्या घटकांची मूळ अंतरं पुसणारा नियम, बहुतेकांच्या हातवळणाचाच असतो. ताऱ्याचं वजन ०-०-०, पण तो लेअरबाहेर आहे, तेव्हा तो टेलविंडच्या प्रत्येक पॅडिंग-मार्जिनला खोडतो. रंग लागतात, अक्षरांचे आकार लागतात, फक्त अंतरं लागत नाहीत. हे लक्षण इतकं नेमकं आहे की ऐकताच निदान करावं. तो रीसेट ‘बेस’ लेअरमध्ये टाकला की झालं, किंवा काढूनच टाकावा, कारण टेलविंड स्वतःचा रीसेट आणतंच. इम्पॉर्टंट लावलं की लेअरांचा क्रम उलटा होतो हेही ध्यानात ठेवावं: तिथे लेअरमधला इम्पॉर्टंट बाहेरच्या इम्पॉर्टंटला हरवतो. इम्पॉर्टंटला एकच खरी जागा आहे असं माझं मत आहे: जेव्हा दुसऱ्या कोणाची जावास्क्रिप्ट घटकावर इनलाइन स्टाइल चढवते आणि ती आपल्याला बदलता येत नाही, तेव्हा.

वारशाने आलेली व्हॅल्यू तर सगळ्यांत हलकी. चौकटीला पांढरा रंग दिला तरी आतली लिंक निळीच राहते, कारण ब्राउझरच्या स्वतःच्या स्टाइलशीटमध्ये लिंकला थेट रंग दिलेला आहे, आणि थेट सांगितलेलं वारशाला नेहमी हरवतं. बॉडीला फॉन्ट दिला तरी बटण आणि इनपुट तो घेत नाहीत, तेही याचमुळे. बटण, इनपुट, सिलेक्ट आणि टेक्स्टएरिया यांना ‘फॉन्ट: इनहेरिट’ एकदा फाइलच्या वर लिहून ठेवलं की ‘अंक मागवा’ ही अक्षरं बाकीच्या पानाशी जुळतात.

फिकट झालेल्या ओळीत कुणाशी स्पर्धाच नसते. नियम लागला, पण त्याला करायला काही काम नाही. लिंक मुळात इनलाइन, म्हणजे ओळीतल्या मजकुरासारखी वाहणारी, तिला रुंदी दिली तर ती कुठे लागणार? ‘डिस्प्ले: इनलाइन-ब्लॉक’ केलं की त्याच ओळीत जीव येतो. झेड-इंडेक्सला पोझिशन लागते, किंवा घटक फ्लेक्स-ग्रिडचं मूल असावं लागतं. फायरफॉक्सने ऑक्टोबर २०१९ मध्ये, सत्तराव्या आवृत्तीत, अशा ओळी फिकट करून शेजारी कारण सांगायला सुरुवात केली. क्रोममध्येही आता तशा सूचना येतात. एखादी ओळ अडली की ती फायरफॉक्समध्येही एकदा उघडून बघावी.

काही ठिकाणी मात्र ही खूणही मिळत नाही. पानाची वरची पट्टी ‘स्टिकी’ केली, ‘टॉप: ०’ दिलं, तरी ती चिकटत नाही. वर कुठल्यातरी पूर्वज घटकावर, मोबाइलवरचं आडवं सरकणं थांबवायला, ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’ लिहिलेलं असतं. त्याने तो घटक स्वतःच स्क्रोलचा डबा होतो, आणि पट्टी पानाऐवजी त्या डब्याला चिकटते; डबा तर आत हलतच नाही. तिथे ‘हिडन’च्या जागी ‘क्लिप’ लिहावं. क्लिप कापतं, पण डबा बनवत नाही.

व्हेरिएबलचं, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या व्हॅल्यूचं, फसणं याहून खोल. समजा ‘--जागा’ला नुसता २० दिला, एकक नाही. बटणावर आधी ‘पॅडिंग: १६ पीएक्स’ आणि त्याखाली ‘पॅडिंग: व्हार(--जागा)’. वाटतं, दुसरी ओळ चुकीची, ती गळेल आणि १६ चालेल. तसं होत नाही. ओळ वाचताना व्हेरिएबलमध्ये काय आहे हे ब्राउझरला माहीत नसतं, म्हणून तो ती वैध धरतो आणि वरची १६ वाली ओळ हरते. व्हॅल्यू भरायची वेळ येते तेव्हा २० निरुपयोगी ठरतो, पण तोवर १६ कधीच फेकलेला असतो. मागे जायला जागा नाही. पॅडिंग शून्य होतं. स्टाइल्समध्ये जिंकलेली ओळ ऐटीत उभी, आणि कंप्युटेडमध्ये शून्य. या दोन्ही टॅबांत असं भांडण दिसलं की व्हेरिएबल तपासायचं. व्हेरिएबलच्या नावातलं लहानमोठं अक्षरही वेगळं मानलं जातं, तेही बघावं.

आणि मग फॉन्ट. मराठी पानांवर ‘स्टाइल लागत नाही’ असं दिसतं, त्यात फॉन्टची तक्रार हटकून असते. शीर्षकाला ‘पॉपिन्स’ दिला, ओळ खोडलेली नाही, फिकट नाही, कंप्युटेडमध्येही नाव बरोबर, पण अक्षरं वेगळीच. कंप्युटेडच्या तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’ असतं, ते वाचावं. प्रत्यक्षात कोणता फॉन्ट वापरला गेला ते तिथे कळतं. विंडोजवर बहुधा ‘निर्मला यूआय’ निघतो, अँड्रॉइडवर ‘नोटो’, अ‍ॅपलवर ‘कोहिनूर’. पॉपिन्समध्ये देवनागरी आहे, पण वेबसाठी त्याचे लिपीनुसार तुकडे केलेले असतात. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवताना फक्त लॅटिनचा तुकडा उतरवून घेतला, तर ‘युनिकोड-रेंज’मध्ये देवनागरीची ०९०० ते ०९७एफ ही पट्टीच नसते. इंग्रजी अक्षरं बदलतात, मराठी जशीच्या तशी. देवनागरीचा तुकडाही उतरवून त्याचा वेगळा ‘फॉन्ट-फेस’ लिहावा. फॉन्ट दुसऱ्या डोमेनवरून येत असेल तर त्या सर्व्हरने परवानगीचा कॉर्स हेडर पाठवायला हवा, नाहीतर फाइल येऊनही नाकारली जाते. याची नोंद कन्सोलमध्ये मिळते.

जाडीचंही तसंच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट २०० ते ८०० अशा सात जाड्यांत आहे, पण पानावर एकटी ४०० घेतली असेल आणि उपशीर्षकाला ५०० दिली, तर ब्राउझर जवळची म्हणून ४०० च वापरतो. काही बदललेलं दिसत नाही. ७०० मागितली तर तो ४०० च्याच कडा फुगवून खोटी जाडी बनवतो, आणि जोडाक्षरांच्या आतल्या जागा बुजतात. ‘प्रकाशन’मधला प्र, ‘दृष्टी’मधला ष्ट मोठ्या आकारात पाहावा, लगेच कळतं. लागणाऱ्या जाड्या मोजून तेवढ्याच घ्याव्यात, पण घ्याव्यातच.

‘टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म: अपरकेस’ मराठीवर लागत नाही याचं कारण तर आपल्या लिपीतच आहे, देवनागरीत लहानमोठी अक्षरं नाहीत. इंग्रजी टेम्प्लेटमधला मेनू कॅपिटल अक्षरांमुळे उठून दिसत असेल, तर मराठीत तो उठाव जाडीने किंवा आकाराने द्यावा लागतो. तिथेच सोबत येणारं ‘लेटर-स्पेसिंग’ मात्र लागतं, आणि शिरोरेषा तोडतं. मराठी मजकुरासाठी ते शून्यावर आणावं.

टेम्प्लेटमधून आलेली आणखी एक गोष्ट पानाच्या दुसऱ्याच ओळीत बसलेली असते: एचटीएमएल टॅगवर ‘लँग’ला ‘एन’. मराठीसाठी म्हणून लिहिलेला ‘:लँग(एमआर)’ हा नियम त्या पानावर कधीच जुळणार नाही. ज्या फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळी रूपं भरलेली असतात, तो पाकळीचा ल आणि गाठीचा श याच अ‍ॅट्रिब्यूटवरून निवडतो. दोन अक्षरं बदलून ‘एमआर’ केलं, की असा फॉन्ट असलेल्या पानावर ‘लेख’मधला ल आणि ‘शब्द’मधला श आपल्या वळणाचे होतात, सीएसएसची एकही ओळ न लिहिता.

राहिला मोबाइल. लॅपटॉपवर खिडकी अरुंद केली की मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार लागणारे नियम) बरोबर लागतात, अनुक्रमणिका एका रकान्यात येते; प्रत्यक्ष फोनवर मात्र सगळं बारीक, लांबून पाहिल्यासारखं. ‘हेड’मध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग नाही. तो नसला की फोन स्वतःला ९८० पिक्सेल रुंद समजतो, पान तेवढं मांडतो आणि मग आक्रसून दाखवतो. ६०० पिक्सेलच्या आतलं काही लिहिलेलं असलं तर त्याच्या मते ते त्याच्यासाठी नाहीच. मेटा टॅगमध्ये ‘विड्थ’ला ‘डिव्हाइस-विड्थ’ आणि ‘इनिशियल-स्केल’ला १ द्यावं, अँड्रॉइड फोन यूएसबी डीबगिंग चालू करून लॅपटॉपला जोडावा, लॅपटॉपवरच्या क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम’, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि ‘इन्स्पेक्ट’ लिहून फोनवरचं पान उघडावं, आणि बटणाची ती ओळ तिथल्या स्टाइल्स पॅनलमध्ये पुन्हा एकदा पाहावी.